येरझारे मॅडम बसत नाहीत

वर्गात खुर्ची आहे. तिच्यावर खडूचा डबा असतो, हजेरीची वही असते, कधी कुणाची विसरलेली छत्री असते. मॅडम तिच्यावर बसलेल्या कधी दिसल्या नाहीत. इंग्रजी व्याकरणाच्या या क्लासमध्ये त्या एकोणीस वर्षं शिकवतात आणि फळा ते दार, दार ते फळा अशा सतत चालत असतात. कुठल्याशा जुन्या बॅचने त्यांचं नाव येरझारे मॅडम ठेवलं. खरं आडनाव पगारपत्रकावर आहे, तिथून ते सहसा बाहेर येत नाही. एकदा एका नव्या विद्यार्थिनीने प्रवेश अर्जावर 'शिक्षिकेचे नाव: श्रीमती येरझारे' असं सरळ मनाने लिहिलं आणि काउंटरवर कुणी न वाचता शिक्का मारला. मॅडमनी तो अर्ज पाहिला, 'शुद्धलेखन बरोबर आहे' म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

क्लास एका दुमजली इमारतीत आहे. खाली ऑफिस आणि काउंटर, वर दोन वर्ग. शिकायला येणारे बहुतेक नोकरदार: बँकेतले कारकून, परदेशी जायच्या तयारीतल्या नर्स, बढतीच्या परीक्षेला बसणारे लोक. बाकीचं व्याकरण ते कुठेही शिकले असते. या क्लासचं नाव झालं ते एका धड्यामुळे. इंग्रजीत क्रियापदाआधी नुसतं 'टू' कधी लावायचं आणि 'टू हॅव' कधी, हा तो धडा. ऐकायला किरकोळ, पण परीक्षेत भल्याभल्यांची दांडी इथेच उडते. मॅडम तो पायाने शिकवतात.

जमिनीवर खडूने आडवी रेघ. सगळे रेघेवर उभे. रेघ म्हणजे वाक्यातलं मुख्य क्रियापद. 'शी सीम्स' म्हटलं की तिच्याकडे पाहून काहीतरी दिसतं, ते आत्ता दिसतं, म्हणून आपण रेघेवर. आता तिला माहीत आहे असं दिसत असेल, तर माहीत असणंही इथेच, याच क्षणी. पाय हलवायचा नाही: 'शी सीम्स टू नो'. पण तिला तेव्हाच माहीत होतं असं आज दिसत असेल, तर गोष्ट आधीची. दाराकडे एक पाऊल मागे: 'शी सीम्स टू हॅव नोन'. तिसरा प्रकार नाठाळ. कुणीतरी काही करणार होतं आणि केलंच नाही. ती येणार होती, आली नाही. अशा वेळी पाऊल उचलायचं आणि हवेतच ठेवायचं: 'शी वॉज टू हॅव कम'. तीस-पस्तीस मोठी माणसं एका पायावर उभी राहतात. कुणीतरी कलंडतं, शेजाऱ्याला धरतं, वर्ग हसतो. धडा डोक्यात बसतो.

संस्थेच्या संचालकांना या धड्याचा अभिमान होता आणि त्रासही. त्यांचं टेबल बरोबर त्या वर्गाखाली आहे. धड्याच्या दिवशी छताचा चुना त्यांच्या चहात पडतो.

चालत शिकवण्याची ही पद्धत मॅडमनी कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही. एकोणिसाव्या वर्षी त्या सूतगिरणीत लागल्या. काम असं की सूत कातणाऱ्या लांब यंत्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं, धागा तुटलेला दिसला की सांधायचा, पुन्हा चालायचं. एक बाजू बेचाळीस पावलांची. आवाज इतका की बोलायची सोय नाही. पाळी संपली की कानात तासभर गिरणीच चालू. त्या काळात त्यांनी कव्हर गेलेलं एक व्याकरणाचं अभ्यासपुस्तक जुन्या बाजारातून आणलं. प्रश्न पुढे, उत्तरं शेवटच्या पानांवर. त्यांनी पुस्तकाची पानं सुटी केली. प्रश्नांचं पान यंत्राच्या या टोकाच्या खांबाला चिकटवलं, उत्तरांचं त्या टोकाच्या. एक प्रश्न वाचायचा आणि निघायचं. बेचाळीस पावलांत, हाताने धागे सांधत, उत्तर ठरवायचं. त्या टोकाला पोचलं की कळायचं, बरोबर की चूक.

मुकादमाने कागद पाहिले. म्हणाला, "वाच. पण हात थांबला तर दोन्ही कागद फाडीन."

हात थांबला नाही. सहा वर्षांत ते पुस्तक तीनदा संपलं. बाहेरून परीक्षा देत मॅडम पदवीपर्यंत पोचल्या. गिरणी पुढे बंद पडली, तोवर त्या शिकवू लागल्या होत्या. गिरणीतून त्यांनी दोन गोष्टी आणल्या, थोडं मोठ्याने बोलणं आणि चालल्याशिवाय काही न ठरवणं. भाजी कुठली घ्यायची हेसुद्धा त्या मंडईला दोन फेऱ्या मारून ठरवतात.

गेल्या वर्षी नवीन नियम आला. क्लासमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाने पात्रता परीक्षा पास व्हायची. कॉम्प्युटरवर, तीन तास, ऐंशी प्रश्न, पाच विभाग. एकूण गुण चांगले असून भागणार नव्हतं, प्रत्येक विभागात वेगळं पास व्हायला हवं. एक विभाग 'टू'चा होता. सोळा प्रश्न, निदान दहा बरोबर.

संचालकांनी मॅडमना खाली बोलावलं.

"तुम्हाला काय अवघड आहे? तुमचाच धडा आहे तो," ते म्हणाले.

"तीन तास एका जागी बसायचं?"

"परीक्षा आहे मॅडम. लोक बसतात परीक्षेला. शब्दच तसा आहे."

"आणि नापास झाले तर?"

संचालकांनी समोरचे कागद उगीच सारखे केले. "नियमच आहे, मी काय करणार. तुम्हाला सोडणार नाही एवढं सांगतो. काउंटरला माणूस हवंच आहे. अर्ज भरून घ्यायचे, पावत्या द्यायच्या. आरामाचं काम आहे, बसून."

मॅडम वर गेल्या. खाली संचालकांना बराच वेळ पावलं ऐकू येत राहिली. तास सुरू व्हायला अजून अवकाश होता आणि वर्गात कुणी नव्हतं.

मॅडमचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं टेबल आहे. डोळ्याला भिंग लावून ते सकाळी नऊला बसतात ते जेवायलाच उठतात. आमच्याकडे एक बसतो आणि एक चालते, त्यामुळे खोली लहान असून भांडण होत नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगतात. बायकोला बसायला शिकवायची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली. टेबलाची एक बाजू रिकामी केली, सरावाचा पेपर ठेवला, शेजारी गजराचं घड्याळ.

पहिल्या दिवशी मॅडम अकराव्या मिनिटाला उठल्या.

"काय झालं?" यजमानांनी भिंग न काढता विचारलं.

"पाणी."

"बाटली तुझ्यासमोर आहे."

"गार नाही ती."

"बस गं जरा. खुर्चीला खिळे आहेत का?"

दोन आठवड्यांनी मॅडम एक तास वीस मिनिटं बसू लागल्या. बाकीचे चार विभाग त्या खुर्चीतूनच झपाट्याने सोडवत आणि चौसष्टपैकी साठ बरोबर येत. 'टू'चा विभाग आला की गाडी अडायची. बसून सोडवला की सोळापैकी सहा, फार तर सात. तोच पेपर स्वयंपाकघर ते दरवाजा चालत सोडवला की पंधरा, सोळा. यजमानांनी हे आकडे महिनाभर एका जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहिले. घड्याळवाल्याला न जुळणारे आकडे दिसले की राहवत नाही.

"असं कसं होतं?" त्यांनी एका दुपारी विचारलं. "डोकं तर तेच."

"बाकीचं तोंडात आहे. हे पायात आहे."

"मग पायांना पाठव परीक्षेला."

मॅडम हसल्या नाहीत. "बसलं की सगळं एकाच जागी घडल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. "आधी काय, नंतर काय, झालं काय, राहिलं काय, काही कळत नाही. सगळ्याच वाक्यांना टू हॅव लावावंसं वाटतं नाहीतर एकालाही नाही."

त्यांनी टेबलाखाली पाय हलवून पाहिले. बोटांनी टेबलावर चालून पाहिलं, दोन बोटं, पेन्सिलीची रेघ. आठ आले. यजमानांनी आठाभोवती गोल केला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. झोप उडाली होती. मॅडम पहाटे उठून गल्लीच्या टोकापर्यंत जात आणि परत येत. दूधवाला त्यांना तीनदा भेटे आणि तिसऱ्यांदा ओळख देणं सोडून देई.

परीक्षा एका कॉम्प्युटर केंद्रात होती, तिसऱ्या मजल्यावर. साठ खुर्च्या, प्रत्येकीला तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा. सूचना भिंतीवर लावल्या होत्या. जागा सोडायची नाही. स्वच्छतागृहाला एकदा जाता येईल, सात मिनिटं, सोबत शिपाई असेल. कच्च्या कामाचा कागद टेबलावरच ठेवायचा.

मॅडमनी चार विभाग पावणेदोन तासांत संपवले. मग 'टू' उघडला. सोळांपैकी चार वाक्यं बसल्या बसल्या सुटली. पाचव्या वाक्यावर बाराव्यांदा बाण नेल्यावर त्यांनी माऊसवरचा हात काढला. उरलेली बारा वाक्यं त्यांनी एकेक करून तीनदा वाचली आणि प्रत्येकाचा एक शब्द खूण म्हणून धरला. किल्ल्या, पूल, डॉक्टर, पत्र, शेजारी, आग, असे बारा शब्द. मग हात वर केला.

सोबतीला आलेली शिपाईबाई पन्नाशीची होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चेहरा असा की तिला फसवणं तर सोडाच, तिला वेळ विचारायलाही धीर लागावा.

"उजवीकडे," शिपाईबाई म्हणाली.

"मला तिथे जायचं नाही."

"मग कुठं जायचंय?"

"कुठेच नाही. इथेच चालते जरा."

"चालायला परवानगी नाही. जायला आहे."

"मग जाते," मॅडम म्हणाल्या. "हळूहळू जाते."

व्हरांड्यात सव्वीस फरश्या होत्या, मध्ये एक काळा पट्टा. मॅडम पट्ट्यावर उभ्या राहिल्या. डोळे खाली, ओठ हलताहेत. किल्ल्या. पूल. एक पाऊल मागे, परत पट्ट्यावर. डॉक्टर. दोन फेऱ्या, मग पाय उचलून तशाच उभ्या. पत्र. सहा मिनिटांत त्या स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत चारदा गेल्या आणि चारदा आल्या. आत एकदाही गेल्या नाहीत. शिपाईबाई भिंतीला पाठ लावून बघत होती. आधी तिला वाटलं, बाईंना चक्कर येते आहे. मग वाटलं, बाई देवाचं काही म्हणताहेत. शेवटी तिच्या लक्षात आलं की बाईंची नजर फरशीवरून हलत नाही.

मॅडम परत जागेवर बसल्या आणि बाराच्या बारा उत्तरं चार मिनिटांत टिपली. शिपाईबाई केंद्रप्रमुखांकडे गेली.

"त्या बाई फरशीवर काहीतरी वाचत होत्या," ती म्हणाली.

केंद्रप्रमुख आणि एक कारकून बॅटरी घेऊन व्हरांड्यात आले. गुडघ्यांवर बसून त्यांनी सव्वीस फरश्या तपासल्या. एका फरशीवर चिकटलेलं च्युइंगगम होतं. एकीच्या कडेला पेन्सिलने सात हा आकडा होता, फरशी बसवणाऱ्याने घातलेला असावा. पण केंद्रप्रमुख नियमाने चालणारे होते. त्यांनी अहवालात लिहिलं, 'संशयास्पद हालचाली. फरशीवर एक आकडा आढळला.'

निकाल लागला त्या दिवशी मॅडमच्या क्रमांकापुढे 'राखून ठेवला' असं होतं.

संचालकांनी पुन्हा खाली बोलावलं. या वेळी त्यांनी कागद सारखे केले नाहीत, खिडकीबाहेर पाहिलं.

"सुनावणी होईपर्यंत वर्ग देता येणार नाही. संस्थेचं नाव आहे. तुम्ही तोवर खाली बसा. म्हणजे काउंटरवर."

"मी कॉपी केली असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय वाटतं त्याला कोण विचारतं? त्यांना काय वाटतं ते कळेपर्यंत बसा."

काउंटरवरचं स्टूल उंच होतं, उतरायला त्रास पडेल असं. मॅडम अर्ज भरून घेऊ लागल्या. नाव, पत्ता, शिक्षण, आधी कुठे शिकलात. पाच आठवडे. वरच्या वर्गात एक तरुण शिक्षक आले होते, ते पडद्यावर चित्रं दाखवून शिकवत. मॅडमच्या बरोबर डोक्यावर तो वर्ग होता. छत गप्प होतं. एकोणीस वर्षांत मॅडमनी ते छत खालून कधी ऐकलं नव्हतं. आता त्या दिवसभर ऐकत होत्या. एखादी खुर्ची सरकली तरी त्यांचा पेन थांबे.

बॅचमधली एक नर्स संध्याकाळची ड्यूटी लागायच्या आधी क्लासला येत असे. जाताना ती काउंटरपाशी थांबली.

"नवीन सर छान शिकवतात मॅडम. झोप चांगली लागते."

"टू हॅव झालं का?"

"झालं की. पंधरा मिनिटांत. कुणी उठलंसुद्धा नाही."

"आणि कळलं?"

"तेव्हा कळलं. आता विचारू नका." ती थोडी घुटमळली. "वॉर्डात सगळे म्हणतात, तुमच्या मॅडम कॉपी करताना सापडल्या. मी म्हटलं, त्यांना कॉपी करायला तरी एका जागी बसावं लागेल ना."

मॅडमनी पुढचा अर्ज ओढला. त्या दिवशी त्यांनी तीन अर्जांवर जन्मतारखेच्या जागी त्या दिवसाची तारीख लिहिली.

घरी आल्यावर त्या जेवणाआधी चालत आणि जेवणानंतर चालत. मग एकदा यजमान म्हणाले, "तू खरंच कॉपी केली असतीस तर आतापर्यंत बसली असतीस शांत. उत्तरं काय आहेत हे ठाऊक असलेला माणूस एवढा चालत नाही."

"हे तिथे येऊन सांगाल?"

"माझं कोण ऐकतं? मी नवरा."

सुनावणी एका सरकारी इमारतीतल्या लहान खोलीत झाली. टेबलामागे तिघं होते. अध्यक्ष, एक निवृत्त प्राध्यापक. व्याकरणाचा पेपर ज्यांच्या देखरेखीखाली निघतो त्या सदस्या. आणि सगळं लिहून घेणारा कारकून. मॅडमना समोरची खुर्ची दाखवली गेली. त्या बसल्या. गुडघा हलत होता, तो त्यांनी हाताने दाबून धरला.

अध्यक्षांनी विचारलं, "व्हरांड्यात काय करत होता?"

मॅडमनी सांगितलं. रेघ, मागचं पाऊल, हवेतला पाय, गिरणी, बेचाळीस पावलं. सांगायला दहा मिनिटं लागली. बसून सांगितल्यामुळे त्यांचं त्यांनाच ते खोटं वाटलं. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. कारकुनाने 'पाऊल' हा शब्द लिहिला आणि पुढे काय लिहावं म्हणून थांबला.

"हे कुणाला पटेल असं वाटतं तुम्हाला?" अध्यक्ष म्हणाले.

"पटावं म्हणून मी ते केलं नव्हतं सर. प्रश्न सुटावेत म्हणून केलं."

शिपाईबाईला आत बोलावलं. ती उभीच राहिली. बस म्हटल्यावरही बसली नाही. जे पाहिलं ते तिने क्रमाने सांगितलं, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. सदस्या इतका वेळ समोरचे कागद चाळत होत्या. आता त्यांनी मान वर केली.

"पाय उचलून उभ्या राहिल्या म्हणता. एकदा?"

"पाच वेळा."

"नक्की पाच?"

"मोजलं मी. पडल्या असत्या तर माझ्यावर आलं असतं. म्हणून लक्ष होतं."

सदस्यांनी समोरच्या कॉम्प्युटरवर पेपर उघडला. करणार होते पण केलं नाही, अशा प्रकारची वाक्यं त्यांनी बोट लावून मोजली. मग पुन्हा मोजली.

"चार आहेत," त्या म्हणाल्या.

मॅडमनी मनातल्या मनात बारा शब्द म्हणून पाहिले. डॉक्टर, पत्र, आग, शेजारी. पाचवा आठवेना. शिपाईबाई चुकीचं मोजणारी वाटत नव्हती. अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या दृष्टीने प्रकरण संपलं होतं. पाय आणि पेपर जुळत नव्हते, म्हणजे पायाची गोष्ट बनावट.

"एक मिनिट," सदस्या म्हणाल्या. "हे नुसते प्रश्न झाले. यांनी उत्तरं काय दिलीत ते बघू."

त्यांनी मॅडमची उत्तरं उघडली. चारही बरोबर होती. खाली सरकत त्या अकराव्या प्रश्नावर थांबल्या. मग त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा अध्यक्षांकडे वळवला.

अकरावा प्रश्न किल्ल्यांचा होता. एक बाई चार वाजता किल्ल्या देणार होती, एवढं म्हणून तिथे गाळलेली जागा होती आणि त्यापुढे, वाक्याच्या अगदी शेवटी, आणि तिने त्या दिल्या, असं होतं. दिल्याच होत्या, तर पाय उचलायचं कारण नव्हतं. नुसतं 'टू' हवं होतं. मॅडमनी 'टू हॅव' लावलं होतं. सोळा प्रश्नांत चुकलेलं हे एकच उत्तर.

"पाचवा पाय हा," सदस्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे?"

"म्हणजे यांनी पाय उचलला आणि चुकल्या. फरशीवर उत्तर लिहिलेलं असतं तर हे चुकलं नसतं. आणि गोष्ट मागाहून रचली असती तर चार पाय रचले असते, पाच नाही. या बाईंनी," त्यांनी शिपाईबाईकडे पाहिलं, "पेपर तर पाहिलेला नाही."

"आणि तो सात आकडा?"

"पर्याय चारच असतात सर. सातवा नसतो."

मॅडम उभ्या राहिल्या होत्या. कुणीतरी बसा म्हटलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही.

"मला बघू द्या तो प्रश्न," त्या म्हणाल्या.

सदस्यांनी पडदा वळवला. मॅडमनी वाकून वाचलं. पहिल्या अर्ध्यावर त्यांची टाच नकळत जमिनीवरून सुटली. पुढचं वाचल्यावर ती हळूच खाली टेकली. त्यांनी आणखी एकदा वाचलं आणि मान हलवली. कारकून काय लिहू म्हणून अध्यक्षांकडे बघत होता. "आरोप सिद्ध होत नाही, एवढंच लिहा," अध्यक्ष म्हणाले.

जिन्यात शिपाईबाई रेलिंग धरून उभी होती.

"माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला," ती म्हणाली.

"तुम्ही बरोबर मोजलंत. उचलला मी चुकीचा."

"पण एक विचारू? एवढं चालून दमत नाही?"

"बसून दमते," मॅडम म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या. शिपाईबाईने वरून पाहिलं, दुसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या, चार पायऱ्या परत वर आल्या आणि मग पुन्हा खाली गेल्या.

घरी यजमानांनी भिंग काढून ठेवलं. ते क्वचित काढतात.

"काय झालं?"

"पास. या विभागात पंधरा."

"सोळापैकी? मग तोंड असं का?"

मॅडम दरवाजापर्यंत जाऊन आल्या. "वाक्य संपायच्या आधी पाय उचलला मी."

"बेचाळीस पावलं नव्हती ना तिथे."

"सव्वीस फरश्या होत्या. पुरल्या असत्या. मीच घाई केली."

यजमानांनी कॅलेंडर उलटं केलं आणि शेवटच्या आकड्याखाली पंधरा लिहिलं. मग काहीतरी विचार करून रेघ मारली आणि कॅलेंडर खिळ्याला सरळ टांगलं.

त्यानंतरच्या सोमवारी संचालकांच्या चहात चुना पडला. त्यांनी कप बाजूला सरकवला आणि वर पाहिलं. पावलं चालू होती. पस्तीस जण एकदम मागे, पस्तीस जण एकदम पुढे. काउंटरवर नव्याने आलेल्या मुलीने दचकून विचारलं, "सर, वर काय पडतंय?" संचालक म्हणाले, "व्याकरण."

वर मॅडमनी फळ्यावर किल्ल्यांचं वाक्य लिहिलं. शेवटचा भाग अंगाच्या आडोशाने लिहिला आणि त्यावर तळहात ठेवून झाकला. चार वाजता ती किल्ल्या देणार होती, इतकंच दिसत होतं.

"उभे राहा रेघेवर," त्या म्हणाल्या. "बोला. काय करायचं?"

सगळ्या वर्गाने पाय उचलला. नर्सने सगळ्यांत आधी. मॅडमनी तळहात तसाच ठेवला. बँकेतले कारकून डगमगू लागले, मागच्या रांगेतल्या एकाने भिंत धरली. मग मॅडमनी फळ्यावरचा हात काढला. आणि तिने त्या दिल्या.

काहींनी पाय लगेच खाली ठेवला, काहींनी शेजाऱ्याकडे बघून. कुणीतरी म्हणालं, "हे फसवणं झालं मॅडम."

"आजपासून एक नवीन नियम. वाक्य संपेपर्यंत पाय उचलायचा नाही. वाक्य कितीही लांब असो, कितीही घाई असो. टोकापर्यंत जायचं, मग ठरवायचं."

"परीक्षेत तुम्ही काय केलंत?" नर्सने विचारलं. तिचा पाय अजून खाली आला नव्हता.

"उचलला."

"म्हणजे चुकलात?"

"चुकले," मॅडम दाराकडे चालत म्हणाल्या. "म्हणून तर इथे आहे. पाय खाली ठेव, पुढचं वाक्य घे."